शिशाची गोळी आणि जाळ्याचे शिसे

करंजा बंदरावर जाळ्यांची डागडुजी चालते तिथे शिशाचे छोटे गोळे दिसतात. जाळे पाण्यात तळाला बसावे म्हणून ते खालच्या दोरीला ओवलेले असतात. मागे द्रोणागिरीचा डोंगर, त्यावर पोर्तुगीज काळातल्या किल्ल्याचे आणि चर्चचे अवशेष. बंदुकीची जुनी गोळीही शिशाचीच असे. धातुशोधक यंत्र या दोन्हींवरून फिरवले तर ते सारखेच वाजेल. कोळ्याचे शिसे कोणते आणि शिपायाचे कोणते, हे ठरवायला ते नेमके कुठे पडले होते याची मोठी मदत होते. म्हणून पुरातत्त्वीय पाहणीत यंत्राहून नकाशाचे मोल अधिक आहे, असे माझे ठाम मत आहे.

करंज्याला हे विशेष लागू पडते. उरणचे हे सारे बेट एके काळी करंजा म्हणूनच ओळखले जाई. शेजारच्या चांजे आणि रानवड इथल्या शिलालेखांत शिलाहार राजा सोमेश्वराची शके 1181-82 ची, म्हणजे इ. स. 1259-60 च्या सुमाराची दाने कोरली आहेत. पुढे पोर्तुगीज आले, वसईच्या मोहिमेच्या काळात मराठे आले, 1774 मध्ये इंग्रज आले. 1782 च्या सालबाईच्या तहाने साष्टीबरोबर करंजाही इंग्रजांकडे राहिले. इतक्या सत्ता जिथून गेल्या, तिथल्या मातीत काही ना काही सांडलेच असणार.

सांडलेल्या वस्तू बोलत्या कशा करायच्या, याचा धडा अमेरिकेतल्या लिटल बिगहॉर्नने घालून दिला. 1876 च्या लढाईच्या त्या रणभूमीवरचे गवत 1983 मध्ये वणव्यात जळाले आणि पुढच्या वर्षी संशोधकांनी रांगेने धातुशोधक फिरवले. यंत्र वाजेल तिथे निशाण रोवायचे, वस्तूची जागा मोजायची, मगच ती उचलायची. काडतुसांच्या पुंगळ्यांवर प्रत्येक बंदुकीच्या टाचणीची वेगळी खूण उमटलेली होती. ती जुळवत गेल्यावर एकच बंदूक कुठून कुठे सरकली हे नकाशावर दिसू लागले. एकेकटी पुंगळी म्हणजे भंगार होती. जागांच्या नोंदीने त्यातून लढाई उभी राहिली.

याची उलट बाजू आपल्याकडे दायमाबादला दिसते. 1974 मध्ये प्रवरेकाठी झुडपाचे मूळ खणताना एका शेतकऱ्याला बैलांचा रथ, हत्ती, गेंडा आणि म्हैस अशी साठ किलोंहून अधिक वजनाची ब्राँझशिल्पे सापडली. पण ती शास्त्रीय उत्खननात, थरातून निघाली नव्हती. त्यामुळे त्यांच्या काळाबद्दल विद्वानांत वाद झाला. शेतकऱ्याचा यात काडीचाही दोष नाही. शिल्पे जागच्या जागी नोंदली गेली असती तर तो थर आपल्या हाती असता, एवढेच.

यंत्राच्या मर्यादाही ओळखाव्यात. नाण्याएवढी वस्तू साधारण वीतभर खोलीपर्यंतच कळते. बेसाल्टच्या मातीतले लोहखनिज आणि खाडीकाठचा खारट ओलावा खोटे आवाज देतात. त्यात बाटल्यांची बुचे, होड्यांचे खिळे, बांधकामाच्या सळ्या. म्हणून आधी पायी पाहणी, गावातल्या जाणत्यांशी बोलणे, उपग्रह-स्थाननोंद, मग धातुशोधक, आणि गरज पडलीच तर परवानगी घेऊन उत्खनन, हाच क्रम हवा.

एक आक्षेप गंभीर आहे. गुप्तधनाच्या वेडाने आपल्याकडे किती वाडे आणि देवळे खणली गेली! अशांच्या हाती नकाशा पडला तर तो चोरवाट ठरेल. 1878 चा निखात निधी कायदा दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवायला सांगतो; त्यात जागाही सांगावी लागते, पण ती ठेवा निघाल्यावर. त्यावर उपाय असा: अचूक स्थाने पुरातत्त्व खात्याकडे जपून ठेवावीत आणि पाहणीचा सारांश ग्रामपंचायतीला द्यावा. लपवाछपवी झाली की अफवा वाढतात. आपल्या गावात काय आहे हे माहीत असलेले गाव स्वतःच राखण करते.

हे आजच करायला हवे, कारण बंदरे, पूल आणि विमानतळ यांनी हा परिसर झपाट्याने बदलतो आहे. भराव पडला की वस्तू खाली कदाचित राहील, पण तिच्यापर्यंत जायची वाट बुजेल. अशी पाहणी झाली तर नोंदवहीत पहिली ओळ कदाचित उतारावरच्या गोळीची असेल आणि दुसरी किनाऱ्यावरच्या जाळ्याच्या शिशाची. दुसरी ओळ कुणी खोडू नये. किल्ल्यावरच्या सत्ता बदलत राहिल्या. किनाऱ्यावर जाळे टाकणारा इथेच राहिला.