दर्शन देणारा कोण?

राजगडावर चढणाऱ्या दोन वाटा पुणेकरांच्या पायाखालच्या आहेत. गुंजवण्याकडून येणारी वाट खड्या चढणीची असून ती चोर दरवाज्याने पद्मावती माचीवर पोहोचते. दुसरी वाट पाली गावातून निघते. ती गडाचा राजमार्ग. अखेरच्या टप्प्यात रुंद पायऱ्या लागतात आणि एकामागून एक असे दोन दरवाजे ओलांडून माणूस ताठ मानेने गडात प्रवेश करतो. शुभवर्तमानातील मेंढवाड्याचा दाखला जन्मभर समजावून सांगणाऱ्या आमच्यासारख्याला ह्या दोन नावांनी मनोमन हसू यावे, हे स्वाभाविक होते. २०२५ च्या डिसेंबरात आमच्या धर्मग्रामातील चौदा जणांना घेऊन आम्ही गेलो, ते पालीच्या वाटेने.

आमच्यापुढे चालणारा वाटाड्या पालीचाच, पंचविशीचा तरुण होता. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांची युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत नोंद झाली. त्यांतील अकरा महाराष्ट्रातले, एक तमिळनाडूतील जिंजी. अकरांत राजगड आहे. तेव्हापासून ह्या तरुणाच्या डोक्यात एक बेत घोळत होता. मोठमोठ्या शहरांत दहाबारा जणांची टोळी करून वाटाड्या पायी हिंडवतो, चार गोष्टी सांगतो आणि सायंकाळी नदीत नावेतून फिरवून आणतो, हे त्याने मोबाईलवर पाहिले होते. तसेच काही येथे करावे, सकाळी गाव व पाली दरवाजा, सायंकाळी धरणाच्या पाण्यावर होडी. गोव्यात आम्ही असे फिरलो आहोत, हे बोलण्याच्या ओघात कळताच तो थांबला.

"फादर, तिथं ते लोक काय काय दाखवतात? आन् आमच्या गावातलं आम्ही काय दाखवायचं?"

आम्ही काहीतरी उत्तर दिले. ते आता आठवतही नाही. आठवते ते त्याच्या आजीचे वाक्य. पायऱ्यांच्या अलीकडे ती मडके घेऊन ताक विकत बसली होती. गर्दी वाढली असेल ना, असे विचारता ती म्हणाली, "लई येत्यात, बाबा. फोटो घेत्यात, ताक न्हाई घेत."

त्या वाक्याने आम्हांला एक वर्ष मागे, पणजीच्या एका गल्लीत नेऊन उभे केले.

२०२४ च्या अखेरीस जुने गोवे येथे संत फ्रान्सिस झेवियरच्या पवित्र अवशेषांचे दशवार्षिक प्रदर्शन होते. अवशेष बॉम जेझू बॅसिलिकातून से कॅथेड्रलमध्ये आणले होते. आम्ही धर्मग्रामातील काही कुटुंबांसह गेलो, रांगेत उभे राहिलो, क्षणभर त्या पेटीपुढे थांबलो. परतीस एक दिवस हाती होता. कोणीतरी सुचविले, पणजी पाहू. बारा जणांची पायी फेरी, मागाहून मांडवीत नौकाविहार, असा कार्यक्रम ठरला.

फोंतेन्यास ही पणजीतील जुनी वस्ती. अठराव्या शतकाच्या अखेरीस आफ्रिकेतील मोझांबिकहून परतलेल्या एका धनिकाची येथे नारळाची बाग होती. त्यास लोक 'मोस्मीकार' म्हणत. जुन्या राजधानीला रोगराईने ग्रासले, वस्ती इकडे सरकत गेली, आणि १८४३ मध्ये पणजी अधिकृतपणे राजधानी झाली. पिवळ्या, निळ्या, तांबड्या भिंती, लाकडी सज्जे, शिंपल्यांची तावदाने, कौलावर बसलेला मातीचा कोंबडा. आमचा मार्गदर्शक ह्या साऱ्याचे उत्तम वर्णन करी. कोठे थांबायचे, कोणत्या कोनातून पाहायचे, छायाचित्र कोठून चांगले येते, सगळे त्याच्या जिभेवर होते. काही दारांवर छायाचित्रे घेऊ नयेत अशा विनंतीच्या पाट्या लावलेल्या होत्या. त्यांविषयी मात्र तो काही बोलला नाही.

येथे आमच्या हातून जे घडले ते सांगणे भाग आहे. एका खिडकीत एक वृद्धा भाजी निवडत बसली होती. शिंपल्याच्या तावदानातून आलेला उजेड तिच्या हातांवर पडला होता. आम्ही मोबाईल उचलला. पाटी नव्हती, रस्ता सार्वजनिक होता. तिने मान वर केली, आमच्याकडे पाहिले, परात उचलली आणि खिडकी लावून घेतली. आपटली नाही, हळूच लावली. आमच्याबरोबरच्या एका गृहस्थांनी आम्हांला धीर दिला, "रस्ता सरकारी आहे, फादर. खिडकी रस्त्यावर उघडते, त्याला आपण काय करणार?" युक्तिवाद बिनतोड होता. तरीही त्या बाईने भरदुपारी आपल्याच घरात अंधार करून घेतला होता, आणि तो आमच्यामुळे.

त्याच गल्लीच्या टोकाशी संत सेबास्तियनचे कपेल आहे. आतला क्रूस पाहण्यासाठी लोक मुद्दाम येतात, कारण त्यावरील प्रभूने मान टाकलेली नाही. मस्तक ताठ आहे आणि डोळे उघडे आहेत. हा क्रूस मुळात जुन्या गोव्यातील इन्क्विझिशनच्या वाड्यातला. १८१२ मध्ये ते न्यायासन कायमचे बंद झाल्यावर तो पणजीच्या राजवाड्यात आला आणि पुढे ह्या कपेलात. चौकशीला उभ्या केलेल्या माणसाच्या मनात धाक बसावा म्हणून डोळे उघडे ठेवले, असे सांगतात. सांगणारा हसत सांगतो, ऐकणारा शहारतो आणि फेरी पुढे जाते. आम्हांला मात्र लवकर निघवेना. पाहणे हेदेखील शस्त्र होऊ शकते हे आपल्याच ख्रिस्तसभेच्या इतिहासात लिहिलेले आहे. आणि खिडकीतल्या त्या बाईने काही मिनिटांपूर्वी आमच्याकडे ज्या दृष्टीने पाहिले होते ती ह्या उघड्या डोळ्यांपेक्षा फारशी वेगळी नव्हती.

सायंकाळी नौका निघाली. सांता मोनिका धक्क्यावरून सुटायचे, मांडवीच्या मुखाच्या दिशेने जायचे, वळायचे आणि तासाभराने त्याच धक्क्यावर परतायचे. वरच्या मजल्यावर रंगमंच होता. देखणी, फुगडी, पोर्तुगीज धाटणीचे कोरिदिन्यो असे नाच झाले, ध्वनिवर्धकाच्या आवाजाने छाती धडधडत होती. काठालगत जुगाराच्या नौका दिव्यांनी लखलखत होत्या. देखणीतील सर्वांत प्रसिद्ध गीताचा विषय वाचकांस ठाऊक असेल: पैलतीरी लग्नघरी नाचायला निघालेली कलावंतीण नावाड्याची विनवणी करते, मला नदीपार ने. ज्या नावेत आम्ही तो नाच पाहिला ती कोणालाही पार नेत नव्हती. त्या तासाचे पैसे नर्तकींना मिळतात, ते कष्टाचे असतात, त्याला नावे ठेवणारे आम्ही कोण? पण नदी पार करण्याची आर्त विनवणी गोल फिरणाऱ्या नावेत ऐकताना कोणाच्याही मनात काही हलले नाही, आमच्याही नाही, ही गोष्ट उशिरा लक्षात आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी वेळ होता म्हणून आम्ही पणजीहून बेतीला जाणाऱ्या फेरीबोटीत बसलो. तीच नदी, तेच पाणी, पायी उतारूंना तिकीटही नाही. एका कोळणीने टोपली सरकवून आम्हांला जागा दिली आणि विचारले, "तुमी खंयचे?" आम्ही सांगितले. मग आपण होऊन तिने पलीकडच्या काठावरचा रेईश मागूशचा किल्ला दाखविला, खाली चर्च आहे, सहा जानेवारीला तीन राजांचे फेस्त मोठे होते, तेव्हा या, म्हणाली. काही मिनिटांचाच प्रवास. आदल्या दिवशीच्या साऱ्या माहितीपेक्षा हे वाक्य आमच्या बारा जणांना अधिक स्मरते, ह्याचे कारण काय असावे?

आमच्या सेमिनरीच्या दिवसांत संत ऑगस्टीनच्या आत्मनिवेदनाचा दहावा खंड शिकविताना आमचे गुरुजन 'डोळ्यांची वासना' ह्या शब्दांपाशी थांबत. ऑगस्टीनचे निरीक्षण असे की केवळ सुंदर तेच पाहावे असे माणसाला वाटत नाही. छिन्नविच्छिन्न प्रेत पडले असेल तेथेही तो धावतो, पाहतो आणि पांढराफटक पडतो. पाहण्याचीच ही भूक आहे. संत थॉमस अक्विनास तिच्यात भेद करतो. ज्ञानाची इच्छा सद्गुण होऊ शकते आणि कुतूहल दुर्गुण. आणि हे ठरते केवळ काय पाहिले ह्यावर नव्हे, तर कशासाठी व कोणत्या वृत्तीने पाहिले ह्यावरही. हा भेद आम्ही परीक्षेत अचूक लिहिला होता. फोंतेन्यासमध्ये तो उपयोगी पडला नाही. आमचा हेतू वाईट नव्हता, कुतूहलही हीन नव्हते. प्रकाश सुंदर होता एवढेच. दोघेही थोर आचार्य पाहणाऱ्याच्या अंतःकरणाची तपासणी करतात. ज्याच्याकडे पाहिले जाते त्याचे काय, हा प्रश्न तेथे मागे राहतो.

ह्याबाबतीत आपली मराठी भाषा आम्हांला अधिक शहाणी वाटते. आपण वस्तू 'पाहतो', पण देवाचे 'दर्शन घेतो', आणि घेतो तेव्हा ते कोणीतरी 'देतो' असे गृहीत धरतो. वारकरी पंढरीची वाट चालतो ती विठोबा दर्शन देईल म्हणून. विठोबा पाहून आलो, असे तो म्हणणार नाही. दर्शनात दोन कर्ते आहेत, एक देणारा आणि एक घेणारा. पहिला वजा केला की उरते ते 'प्रदर्शन'; आणि गंमत अशी की जुन्या गोव्यात आम्ही ज्या रांगेत उभे होतो त्या सोहळ्याला आपण प्रदर्शन हाच शब्द वापरतो. असो. शब्दांचा खेळ फार ताणू नये. मुद्दा इतकाच की त्या वृद्धेने आम्हांला काही दिले नव्हते. आम्ही घेत होतो. कोळणीने दिले.

पणजीतच जुन्या सचिवालयाशेजारी आबे फारियाचा पुतळा आहे. कांदोळी येथे १७५६ मध्ये जन्मलेला हा गोमंतकीय धर्मगुरू पॅरिसमध्ये संमोहनाचे प्रयोग करी. प्रयोग करणाऱ्यातून काही गूढ शक्ती वाहते ही त्या काळची समजूत त्याने नाकारली. जे घडते ते निजणाऱ्याच्या स्वतःच्या मनातून घडते, असे त्याचे प्रतिपादन होते. मार्गदर्शकांना दोष देणाऱ्यांनी त्या पुतळ्यापुढे क्षणभर थांबावे. आमच्या मार्गदर्शकाने आम्हांला कोणाच्या खिडकीत डोकावा असे सांगितले नव्हते.

तर मग पालीच्या तरुणास काय सांगावे? परतल्यावर आम्ही त्याला पत्र लिहिले. टोळी लहान ठेव, हे बरेच आहे. दहा जणांना नावाने हाक मारता येते, पन्नासांना येत नाही. पण लहान टोळी दारापर्यंत पोहोचते, आणि मोठा जथा रस्त्यावरूनच निघून जातो, हेही ध्यानात घे. गड सर्वांचा आहे, तो दाखव. पाली दरवाज्याच्या पायऱ्या, भातखाचरे, झाडांची नावे, पावसाळ्यातील वाट, जे तुझे आहे ते दे. शेजाऱ्याचा उंबरा तुझा नाही. आजीची गोष्ट आजीला विचारून सांग, आणि तिचे ताक आधी प्यायला लाव.

होडीविषयी लिहिताना आमचा हात अडखळला. पानशेत आणि वरसगावची धरणे वेल्ह्याच्याच बाजूची. पानशेत १२ जुलै १९६१ रोजी फुटले आणि पुण्यात हाहाकार झाला; तो दिवस पुणेकर आजही विसरलेले नाहीत. त्या जलाशयांसाठी ज्यांची घरे व शेते पाण्याखाली गेली त्यांचा दिवस कोणता, हे पुण्यात कोणी विचारत नाही. पुणे ते पाणी पिते; सुटीच्या दिवशी त्यावर होड्याही फिरतात. होडीत बसवलेल्या माणसाला आपण कशावरून तरंगतो आहोत हे सांगावे, असे आम्ही लिहिले. विहार म्हणजे पाप नव्हे, संध्याकाळचे पाणी खरोखरच सुंदर असते. पण ज्याचे गाव खाली आहे असा एखादा म्हातारा भेटला आणि त्याची इच्छा असली, तर त्याला होडीत शेजारी बसवून घे, त्याला बोलू दे आणि त्या बोलण्याचा मोबदलाही दे.

त्याचे उत्तर फोनवर आले. पत्र आजीला वाचून दाखविले, म्हणाला. ताकाचे तिला पटले. मग थोडे थांबून त्याने विचारले, "फादर, तसा एक म्हातारा आहे, पण तो म्हणतो बोलतो, पैसे नको. आन् दुसरा म्हणतो, पैसे द्या, काय पाहिजे ते बोलतो. ह्यातला कोण बसवायचा?"

आम्ही म्हटले, पहिला. फोन ठेवल्यावर मात्र खात्री वाटेना. गरजवंताने मोबदला मागितला म्हणून त्याचे सांगणे खोटे कसे ठरते? फुकट बोलणाऱ्याचा आम्हांला भरवसा वाटला, तो आमच्या सोयीचा म्हणून तर नव्हे? दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा फोन केला आणि दोघांनाही बसव, असे सांगितले. तो हसला. होडीत जागा सहाचीच आहे, म्हणाला. दोघे म्हातारे बसले तर गिऱ्हाईक चारच राहील.

येत्या हिवाळ्यात आमच्या धर्मग्रामातील चौघे जण जाणार आहेत. नावे नोंदवून घेतली आहेत.