शेवटच्या मजुराची मजुरी

ख्रिस्ताने धर्मतत्त्वे सांगितली ती पेरणारा शेतकरी, हरवलेले मेंढरू, रोजंदारीचा मजूर अशा नित्याच्या गोष्टींतून. मत्तयाच्या शुभवर्तमानातील २० व्या अध्यायात द्राक्षमळ्याचा धनी पहाटे कामास लागलेल्यास आणि सायंकाळी आलेल्यास सारखीच मजुरी देतो. सेवाज्येष्ठतेच्या यादीवर जगणाऱ्या आम्हां कारकुनांना हा निवाडा खुपतो. परंतु उशिरा आलेले मजूर आळशी नव्हते. त्यांना दिवसभर कोणी कामावर घेतलेच नव्हते. रायपूरच्या भनपुरीसारख्या कारखान्यांच्या वस्तीत आम्ही हे सहज समजू शकतो. काम अर्धा दिवस मिळाले, म्हणून घरच्या मुलांची भूक अर्धी होत नाही. पहाटेच्या मजुरास ठरलेले सर्व मिळालेच. त्याला सलतो तो दुसऱ्याचा लाभ. याच कथेतील शब्दांवरून रस्किनने १८६० च्या आपल्या निबंधांना नाव दिले. १९०४ साली ते वाचून गांधीजींचे जीवन पालटले, आणि १९०८ मध्ये त्यांनी त्यांचे सार ‘सर्वोदय’ या नावाने गुजरातीत उतरविले. कचेरीत ज्येष्ठतेचा हिशेब अवश्य असावा. परंतु भुकेल्याच्या ताटाशी आम्ही तो घेऊन बसावे काय?