वादळ आणि दोन शिक्षिका

कृतीचे मोल तिच्या फळावरून ठरवावे की करणाऱ्याच्या हेतूवरून, हा वाद फार जुना आहे. नुसता वाद म्हणून तो कोरडा वाटतो. म्हणून आपण तो हिवाळ्यातील एका खऱ्या दिवसापुढे ठेवून पाहू.

१२ जानेवारी १८८८ हा तो दिवस. अमेरिकेतील नेब्रास्का व डाकोटा या सपाट, उघड्या माळांच्या मुलखात त्या दिवशी सकाळ हिवाळ्याच्या मानाने बरीच उबदार होती. कित्येक मुले जाड कोट न घालताच शाळेत गेली. मग एकाएकी हिमवादळ आले. पिठासारख्या बारीक बर्फाने समोरचे दिसेनासे झाले. मृतांची संख्या सुमारे २३५ सांगतात. त्यांत शाळकरी मुले पुष्कळ होती.

मिनी फ्रीमन या तरुण शिक्षिकेच्या मातीच्या शाळेचे छप्पर वाऱ्याने उडाले. मुलांना घेऊन ती बाहेर पडली आणि एका शेतकऱ्याच्या घरी सुखरूप पोहोचली. एकही मूल दगावले नाही. तिच्यावर गाणे रचले गेले. प्लेनव्ह्यूजवळच्या लोइस रॉइस हिच्यापाशी तीन मुले होती. शाळेतले जळण संपले. तिचे राहण्याचे घर अगदी जवळ होते, म्हणून तीही मुलांना घेऊन निघाली. पण वाट चुकली. रात्र उघड्यावर गेली. तिन्ही मुले तिच्याजवळच मरण पावली. ती वाचली, पण हिमदंशाने पाय गमावून बसली.

दोघींनी केले ते एकच. निवारा राहिला नाही, तेव्हा मुलांना घेऊन दुसरा निवारा शोधला. मग एक शहाणी व दुसरी अविचारी कशी म्हणावी? उबेत बसून "बाकडी जाळायची होती" असे सांगणे सोपे आहे. शिलोहाचा बुरूज ज्या अठरा जणांवर पडला ते इतरांहून अधिक दोषी नव्हते, हे प्रभूने स्पष्ट सांगितले आहे. ओमाहाच्या एका वृत्तपत्राने त्या वेळी शिक्षिकांसाठी निधी जमवला, तो फ्रीमनप्रमाणे रॉइससाठीही होता. लोकांचा हा न्याय आम्हांस योग्य वाटतो.

यावर कोणी म्हणेल, मग फळाला काहीच अर्थ नाही काय? तत्त्ववेत्ता कांट याने १७८५ साली सद्हेतूचे मोल फळावर अवलंबून नाही असे मांडले. उलट बर्नार्ड विल्यम्स व टॉमस नेगेल यांनी १९७६ साली दाखवले की, आपल्या हाती नसलेल्या गोष्टींवरूनही आपण माणसाला तोलतो. आम्हांस येथे एक भेद करावासा वाटतो. दोष वेगळा आणि शोक वेगळा. "मी कर्तव्य केले" असे म्हणून रॉइस निश्चिंत झोपली असती, तर आपल्यालाच ते खटकले असते. मुले तिच्या हाती सोपवलेली होती, म्हणून शोक तिचा होता. पण दोष तिच्या माथी मारण्याचा अधिकार कोणासही नव्हता.

आपल्याकडे हिमवादळ होत नाही. परंतु खानापूरच्या बाजूला पावसाळ्यात ओढा चढला, की मुलांना सोडावे की थांबवावे, हे शिक्षकालाच क्षणात ठरवावे लागते. त्याने जे दिसत होते ते नीट पाहिले काय, आणि मुलांचा जीव आपल्या सोयीपुढे ठेवला काय, एवढेच आपण विचारावे. त्याचे उत्तर होय असेल, तर फळ कसेही येवो, त्या शिक्षकाच्या घरी सांत्वनाला गेले पाहिजे. जाब विचारायला नव्हे.