खिडकीजवळची जागा

दिमोनाच्या आमच्या घरात फुलझाडांना सर्वांत मानवणारी जागा म्हणजे न्हाणीघराची खिडकी. पाहुणे ऐकून हसतात. पण इथली कोरडी हवा बैठकीच्या खोलीत पानांच्या कडा करपवते. न्हाणीघरात आंघोळीच्या वाफेने ओलावा राहतो आणि दुधी काचेतून सकाळचे ऊन मऊ होऊन येते. आफ्रिकन व्हायोलेटला हेच लागते. तिला पाणी मात्र खालच्या बशीत, कोमट करून द्यावे. गार थेंबांनी पानांवर डाग पडतात. आंघोळ झाली की खिडकी थोडी उघडावी, नाहीतर बुरशी धरते.

कट्ट्यावर चार कुंड्या मावतात. पाचवी मावत नाही, आणि माझा प्रश्न तिथूनच सुरू होतो.

चौथ्या कुंडीत ऑर्किड आहे. सणाला भेट आले, दोन-अडीच महिने फुलले, त्यानंतर दोन वर्षे नुसती पाने. इथे पुष्कळ घरांत फुले गळाली की ऑर्किड कुंडीसकट कचऱ्यात जाते. आपल्या कोकणात झाडाच्या खोडावर सीतेची वेणी लोंबते, तीही ऑर्किडच. वर्षातून थोडे दिवस फुलते, बाकी पाने धरून बसते. तिला कोणी उपटत नाही.

गेल्या महिन्यात नातीने कळ्यांनी भरलेली नवी व्हायोलेट आणली. मुलगी म्हणाली, "आई, ते ऑर्किड काढ ना. उजेड फुलणाऱ्याला दे."

असाच हिशेब मी एकदा केला होता. तीसएक वर्षांपूर्वी मी एका वॉर्डाची सिस्टर होते. आमच्यातल्याच एक आजी तीन आठवडे खिडकीजवळच्या खाटेवर होत्या. बऱ्या होण्याची आशा नव्हती. मी त्यांना दाराजवळ हलवले आणि ती जागा ऑपरेशन झालेल्या एका तरुण बाईला दिली. मला आधारही होता. १९८४ साली रॉजर उलरिच यांनी 'सायन्स' नियतकालिकात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ४६ रोग्यांची पाहणी छापली. निम्म्यांना खिडकीतून झाडे दिसत, निम्म्यांना विटांची भिंत. झाडे दिसणारे लवकर घरी गेले, त्यांना वेदनेची कडक औषधेही कमी लागली. मग ज्याला उपयोग, त्याला खिडकी.

आजी एवढेच म्हणाल्या, "बाय, हितून झाड दिसत नाय गो." चार दिवसांनी त्या गेल्या.

औषध अपुरे असेल तर ते ज्याला लागू पडेल त्याला द्यावे, हे मी आजही मानते. पण उजेड म्हणजे नुसते औषध का? बऱ्या होणाऱ्याला तो औषध असेल. आजींना तो त्यांचा दिवस होता. उलरिच यांच्या तक्त्यात तो बसत नाही, आणि त्यात त्यांचा दोष नाही. तक्ता वाचून खाट हलवणारी मी होते.

तोरात, अनुवादाच्या विसाव्या अध्यायात, शहराला वेढा घातला तरी फळझाड तोडू नये अशी आज्ञा आहे. बिनफळाचे तोडायला मुभा आहे. त्या मुभेपाशी मी नेहमी अडखळते. पुढे रब्बींनी आज्ञा रुंद केली, की गरजेवाचून कशाचाच नाश करू नये. पण वाचकहो, गरज कोणी ठरवायची? माझ्या वॉर्डात ती मी ठरवली आणि आजींना विचारलेसुद्धा नाही.

ऑर्किड म्हणजे माणूस नव्हे, हे मला कळते. फुले सरलेले झाड टाकणाऱ्याला मी निर्दयी म्हणणार नाही.

सध्या मी पाच कुंड्या आळीपाळीने ठेवते. शब्बाथ संपला की एक कुंडी आठवडाभर स्वयंपाकघरात जाते, दुसरी तिच्या जागी येते. त्यामुळे व्हायोलेटला फुले थोडी कमी येतात. नातीच्या ते लगेच लक्षात आले. ऑर्किडने अजून दांडा काढलेला नाही. त्यासाठी काही आठवडे गार रात्री लागतात, हिवाळ्यात बघू.

खाटांची अशी आळीपाळी मला त्या वेळी सुचली नाही. खाटांना चाके होती.