दोष कातडीचा की कामाचा?

श्रमिकाला जडलेल्या व्याधीचे मूळ त्याच्या प्रारब्धात आहे, देहप्रकृतीत आहे की त्याच्या कामात, हा कर्मविचारातला जुना प्रश्न धातूंमुळे होणाऱ्या त्वचेच्या ॲलर्जीत विशेष बिकट होतो. छत्रपती संभाजीनगरच्या पश्चिमेकडील पडेगावसारख्या वाढत्या उपनगरात घरे बांधणाऱ्या गवंड्याचा सिमेंटमधील षट्संयुजी क्रोमियमशी, तर वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत धातूला मुलामा देणाऱ्या कामगाराचा निकेल आणि क्रोमियमशी रोजचा संबंध येतो. या धातूंचे सूक्ष्म आयन, म्हणजे विद्युतभारित कण, त्वचेत शिरून तेथील प्रथिनांना चिकटतात. शरीराची प्रतिकारयंत्रणा त्या संयोगाला परके मानते आणि ही ओळख एकदा पक्की झाली की ती बहुधा जन्मभर टिकते. पुढे अल्पशा स्पर्शानेही एक-दोन दिवसांत खाज सुटते, पुरळ उठते, बोटांच्या बेचक्यांत भेगा पडून लस वाहू लागते.

मात्र एकाच घमेल्यातला माल हाताळणाऱ्या दोघांपैकी एकालाच हा त्रास होऊ शकतो, आणि ‘बाकीच्यांना कुठे काय होते?’ असे म्हणून दोष त्याच्या कातडीवर किंवा नशिबावर ढकलला जातो. संयुत्तनिकाय या पाली बौद्ध ग्रंथातील सिवकसुत्तात बुद्धांनी अशा एककारणवादाला नकार दिला आहे: पित्त, कफ, वात, त्यांचा संयोग, ऋतुबदल, विषम वर्तन, बाह्य आघात आणि कर्मविपाक अशी वेदनेची आठ कारणे सांगून, सर्व काही पूर्वकर्मानेच घडते हे मत स्वानुभवाला आणि लोकमान्य सत्यालाही सोडून जाते, असे त्यांनी प्रश्न विचारणाऱ्या सिवक या परिव्राजकाला बजावले.

या विवेचनाच्या प्रकाशात पाहिले, तर देहाची संवेदनशीलता हे व्याधीचे एक कारण ठरते, पण तो अपराध ठरत नाही. धातूचा स्पर्श हे दुसरे कारण असून ते माणसाच्या हाती आहे. डेन्मार्कने 1980च्या दशकात सिमेंटमध्ये फेरस सल्फेट मिसळून विद्राव्य क्रोमियमचे प्रमाण घटवले, आणि भारताच्या 1948च्या कारखाने कायद्याने क्रोमजन्य व्रणाला कळवण्याजोग्या व्यावसायिक रोगांच्या यादीत स्थान दिले. जे कारण टाळता येते ते तसेच ठेवून अटळ कारणाकडे बोट दाखवणे हा ज्ञानाचा आणि नीतीचा दुहेरी प्रमाद आहे. म्हणून कामाची आखणी सर्वांत नाजूक त्वचेच्या माणसाला प्रमाण मानून व्हावी, हेच न्यायाला धरून होईल.