मागे उरलेले
मुलुंडची जकात १ जुलै २०१७ रोजी उठली; ‘चेक नाका’ हे नाव मात्र राहिले. संगणकातही असेच घडते. डेबियन प्रणालीत ‘रिमूव्ह’ म्हटले, की प्रोग्राम जातो. त्याच्या मांडणीच्या फायली उरतात, आणि यादीत त्याच्या नावाआधी ‘आरसी’ ही खूण दिसते. त्याही घालवायच्या तर आज्ञा वेगळी—‘पर्ज’. यंत्राचा हा संकोच मला फार सभ्य वाटतो. प्रोग्राम परक्याने रचलेला. मांडणीत मालकाच्या हातचे फेरफार असतात. ते विचारल्यावाचून कोणी का पुसावेत? परंतु त्यांतच कधी एखादा विसरलेला पासवर्डही पडून असतो. नाक्याच्या नावाने कुणाचे काही बिघडत नाही. पासवर्ड तसाच राहू देणे ही मात्र माया नव्हे, आळस होय. दिवाळीत माळा उपसतो तशी ती यादी उघडावी, आपल्या हातच्या कामाच्या ओळी उतरवून घ्याव्यात, आणि मग खुशाल ‘पर्ज’ म्हणावे.