चिठ्ठी लिहिण्याआधीचे अर्धे मिनिट

१९९१ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत धारावीतल्या १०० खासगी डॉक्टरांकडून क्षयरोगावरच्या ८० वेगवेगळ्या औषधयोजना मिळाल्या होत्या. जवळपास वीस वर्षांनी हिंदुजा रुग्णालयाचे डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्याच १०६ डॉक्टरांना पुन्हा चिठ्ठी लिहायला सांगितले. २०१० साली निष्कर्ष छापून आले. औषधयोजना ६३ निघाल्या आणि बिनचूक चिठ्ठी लिहिणारे डॉक्टर फक्त ६.

हे आकडे पुढे आले की उपाय ठरलेलाच असतो. डॉक्टरांना पुन्हा शिकवा, नाहीतर त्यांच्या टेबलावर योग्य औषध सांगणारा संगणक ठेवा. मला हे पटत नाही. क्षयाच्या औषधांचे प्रमाण रुग्णाच्या वजनावर ठरते आणि तो तक्ता एका कागदावर मावतो. त्या वीस वर्षांत मार्गदर्शिका छापल्या गेल्या, शिबिरेही झाली. घाटकोपरच्या असल्फा टेकडीवर एका खोलीत दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरकडे तक्ता असतो. समोर बसलेल्या माणसाचा मागचा इतिहास मात्र त्याच्याकडे नसतो.

क्षयात पहिला महत्त्वाचा प्रश्न हाच असतो की या गोळ्या आधी कधी घेतल्या होत्या का, आणि किती महिने? अर्धवट सोडलेल्या उपचारानंतर जंतू औषधांना दाद देईनासे झाले असण्याची शक्यता वाढते, आणि मग नेहमीची औषधे पुन्हा सुरू करणे म्हणजे रुग्णाचे मोलाचे महिने वाया घालवणे. पण या माणसाने खोकल्याचे औषध केमिस्टकडून घेतलेले असते, अँटिबायोटिक एका दवाखान्यातून, एक्स-रे तिसरीकडे काढलेला असतो. राजावाडी रुग्णालयात केसपेपर निघालेला असतो, मधले काही महिने तो गावी गेलेला असतो. अनुभवी डॉक्टर मग विचारतात, ‘लघवी लाल व्हायची का?’ रिफाम्पिसिनने लघवी तांबूस होते, आणि औषधाचे नाव विसरलेल्या माणसाला तेवढे नेमके आठवते. या शहरात उपचाराचा निर्णय कितीदा अशा आठवणीवर उभा असतो, हे लक्षात घेतले की माहिती तंत्रज्ञानाने पहिले काम कोणते करायचे ते वेगळे सांगावे लागत नाही.

रुग्णाच्या आधीच्या उपचारांची नोंद ठेवणारी व्यवस्था आपल्याकडे आहे. २०१२ साली क्षयाची माहिती सरकारला कळवणे खासगी डॉक्टरांनाही बंधनकारक झाले आणि त्याच वर्षी ‘निक्षय’ ही संगणकीय नोंदवही सुरू झाली. २०१८ मध्ये न कळवणाऱ्यांसाठी शिक्षेची तरतूदही आली. तरीही गर्दीच्या वेळी, बाहेर बाकावर वीस माणसे ताटकळत असताना, डॉक्टर ही नोंदवही भरायला नाखूश असतो. त्याचे नाखूश असणे मला समजते. भरलेली माहिती वर जाते, तिचे तक्ते होतात, उद्दिष्ट किती टक्के गाठले ते ठरते. चिठ्ठी लिहिण्याच्या क्षणी त्याच्या हाती त्यातले काही पडत नाही.

याच मुंबईत २०१४ पासून वेगळ्या रीतीचा प्रयोग झाला. ‘पाथ’ या संस्थेने महापालिकेच्या साथीने, गेट्स फाउंडेशनच्या पैशावर तो चालवला. खासगी डॉक्टरने फोन करून रुग्णाची नोंद केली की एक व्हाउचर क्रमांक मिळे. त्यावर रुग्णाला तपासण्या मोफत किंवा सवलतीत होत, आणि जवळच्या केमिस्टकडून औषधे फुकट मिळत. पुढची औषधे उचलली गेली नाहीत तर तेही नोंदीवरून कळे. खासगी क्षेत्रातून कळवल्या जाणाऱ्या रुग्णांची संख्या वाढली, आणि पुढे राष्ट्रीय कार्यक्रमाने हे प्रारूप इतर शहरांसाठी स्वीकारले. इथे नोंद करणाऱ्याला त्याच बैठकीत काहीतरी मिळत होते, रुग्णालाही मिळत होते. माझ्या मते यश यातच होते. सॉफ्टवेअर त्यामानाने साधे होते.

आता बोलबाला आहे तो छातीचा एक्स-रे वाचणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेचा. त्यातली ‘क्युअर डॉट एआय’ ही जगभर पोहोचलेली कंपनी मुंबईचीच. २०२१ साली जागतिक आरोग्य संघटनेने १५ वर्षे आणि त्यावरील व्यक्तींच्या क्षय-चाळणीसाठी माणसाऐवजी अशी संगणकप्रणाली वापरायला मान्यता दिली. जिथे रेडिओलॉजिस्ट नाही तिथे ही मोठीच सोय आहे, आणि मला तिचे मनापासून स्वागत करायचे आहे. पण प्रणाली ‘आहे’ किंवा ‘नाही’ असे म्हणत नाही, गुण देते. किती गुणांच्या पुढे थुंकी जीनएक्स्पर्ट तपासणीला पाठवायची, ती रेषा माणसे आखतात. रेषा खाली आणली तर प्रयोगशाळेवर ताण येतो, वर नेली तर रुग्ण निसटतात. शिवाय बऱ्या झालेल्या जुन्या क्षयाचा व्रण प्रणालीला नव्या आजारासारखा दिसू शकतो. सहा वर्षांपूर्वी उपचार पूर्ण केलेल्या माणसाची ती जुनी नोंद एक्स-रेच्या शेजारी, त्याच पडद्यावर दिसली पाहिजे. यंत्रे आणखी घेण्याआधी पालिकेच्या दवाखान्यांत हे जमवावे, अशी माझी मागणी आहे.

नोंदीवर भर दिला की पाळतीचा प्रश्न येतो, आणि तो टाळता येणार नाही. गोळी काढल्यावर पाकिटात दिसणाऱ्या क्रमांकावर रुग्णाने मिस्ड कॉल द्यायचा, अशी ‘९९ डॉट्स’ नावाची पद्धत आली. मुंबई, चेन्नई आणि वेल्लोरच्या रुग्णांवर झालेल्या अभ्यासात फोनवरची हजेरी लघवीच्या तपासणीशी ताडून पाहिली, तर दोन्हींचा मेळ पुष्कळदा बसला नाही. फोन केला म्हणून गोळी घेतली असे होत नाही, आणि फोन नाही म्हणून चुकवली असेही नाही. अशा नोंदीवरून एखाद्या रुग्णाला बेजबाबदार ठरवणे अन्यायाचे आहे.

बायकांच्या बाबतीत तर आणखी जपायला हवे. नव्याने लग्न होऊन मुलुंडला आलेल्या मुलीच्या नावापुढे लिहिलेला मोबाइल क्रमांक कित्येकदा नवऱ्याचा किंवा दिराचा असतो, आणि आजाराचे घरी सांगितलेलेच नसते. औषध उचलले नाही म्हणून केंद्रातून गेलेला एक सद्हेतूचा फोन तिचा संसार मोडू शकतो. म्हणून नोंद करतानाच तिला एकटीला विचारले पाहिजे: हा फोन कोणाचा आहे, कोणत्या वेळी केलेला चालेल, आणि उचलणाऱ्याला आजाराचे नाव सांगायचे की नाही. ही तीन उत्तरे तिच्या वजनाइतकीच अनिवार्य म्हणून भरून घेतली जावीत, आणि ती मिळेपर्यंत त्या क्रमांकावर कोणी फोन करू नये.